प्रवाळ बेटावर पिण्याचं पाणी: आधी विहीर, मग छप्पर, मग यंत्र

लक्षद्वीपमध्ये नदी नाही, ओढा नाही, धरण बांधावं असा डोंगरही नाही. कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर अरबी समुद्रात विखुरलेली ही छत्तीस बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ अवघं ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत माणसं ६४,४७३. त्यांतले जवळपास ९५ टक्के अनुसूचित जमातीचे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली ती अंगणातल्या उथळ विहिरींच्या जोरावर. अशा बेटावर पाणीपुरवठा सुधारायला बाहेरून कोणी गेलं, की पहिली चर्चा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राची होते. माझ्या मते क्रम उलटा हवा. पायाखालचं पाणी आधी सांभाळायचं, मग छपरावरचं धरायचं आणि त्यानंतर उरलेल्या तुटीपुरतं यंत्र आणायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. बेटावर कामाला जाणारे इंजिनिअर, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि पाणी या विषयाचे विद्यार्थी यांच्यासाठी.

खाऱ्यावर तरंगणारं गोडं

आधी हे समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत. प्रवाळाची वाळू आणि भुसभुशीत चुनखडक यांत पाऊस जागच्या जागी मुरतो. खाली सगळीकडे समुद्राचं पाणी पसरलेलं असतं. गोडं पाणी त्याहून हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं. बेटाच्या मध्यभागी या थराची जाडी सर्वांत जास्त असते आणि किनाऱ्याकडे तो निमुळता होत संपतो, भिंगासारखा. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेतल्या फरकामुळे समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची १ सेंटिमीटर असेल, तर खाली सुमारे ४० सेंटिमीटर गोडं पाणी असतं. याला गायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात. तो जसा फायद्याचा तसाच धोक्याचाही. उपशाने विहिरीची पातळी १ सेंटिमीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी त्याच हिशेबाने वर चढू लागतं.

नियम झाला कागदावरचा. प्रत्यक्षात भरती-ओहोटी हा थर रोज हलवत असते, त्यामुळे गोडं आणि खारं यांच्यामध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो. त्याखाली जुना, भोकाभोकांचा चुनखडक लागतो, ज्यातून समुद्र मोकळेपणाने आत-बाहेर करतो. म्हणून हिशेबात चाळीसचा आकडा वरची मर्यादा समजा, हमी नव्हे. बेट साधारण अडीच-तीनशे मीटरपेक्षा अरुंद असेल, तर बारमाही गोडं पाणी मिळण्याची आशा फार धरू नये.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहिलेल्यांना भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर ही गोष्ट नवी नाही. तिथला खडक वेगळा आहे, त्यामुळे तुलना फार ताणू नका. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: पाणी पावसाचंच आहे आणि शेंदून घेतलं म्हणून टिकलं.

पहिली पायरी: जमीन कोणाची, शब्द कोणाचा

ही पायरी तांत्रिक वाटत नाही म्हणून बहुतेक आराखड्यांत ती शेवटी येते. ती पहिली हवी.

लक्षद्वीपमधली बहुतेक बेटं मातृवंशीय. घराणं म्हणजे तरवाड आणि ते आईकडून चालतं. मालमत्तेचे दोन प्रकार. घराण्याची सामाईक ती 'शुक्रवारची', स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. सामाईक जमिनीवर एखाद्या पुरुषाने सही देऊन टाकी किंवा उपसा विहीर बांधायला परवानगी दिली, तरी ती पुरेशी ठरेलच असं नाही. बेटाच्या मधल्या पट्ट्यात, जिथे गोडं पाणी सर्वांत जाड, तिथे कोणाच्या माडांच्या बागा आहेत आणि त्यांतल्या किती सामाईक आहेत, याचा नकाशा पंचायतीसोबत बसून काढा. मिनिकॉयची रचना आणखी वेगळी. तिथे वस्त्यांचे प्रमुख म्हणून पुरुषांकडून बोडुकाका आणि स्त्रियांकडून बोडुदात्ता असतात. पाण्याबद्दल बोलायचं तर बोडुदात्ताला वगळून घेतलेली बैठक ही बैठकच नव्हे. भाषेचंही भान ठेवा. इतर बेटांवर मल्याळमला जवळची जेसरी बोलतात, मिनिकॉयवर महल. मल्याळम फलक दहाही बेटांवर चालतील हे गृहीत धरू नका.

बाहेरच्यांना बेटांवर जायला प्रवेश परवाना लागतो, तेव्हा वेळापत्रकात त्याचे दिवस धरा.

जमिनीचा प्रश्न बाजूला सारला की काय होतं, ते प्रशांत महासागरातल्या किरिबातीने पाहिलं आहे. तिथे राजधानी साउथ तारावाच्या पाण्यासाठी बोनरिकी आणि बुओटा इथली जमीन सरकारने राखीव केली. जमीनमालकांचा भरपाईवरून आणि हक्कावरून वाद वर्षानुवर्षं चालला, राखीव क्षेत्रात घरं आली, डुकरं आली, भाजीचे वाफे आले. 'राखीव' असा फलक लावून पाणी राखलं जात नाही. ज्यांची जमीन, त्यांना त्यातून नियमित काही मिळालं पाहिजे: भाडं, नोकरी किंवा पाण्यावरचा पहिला हक्क.

दुसरी पायरी: वर्षभर मोजा

एका फेरीत घेतलेला पाण्याचा नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो. जूनच्या पावसानंतर गोडी लागणारी विहीर एप्रिलमध्ये मचूळ होते. त्याच विहिरीचं पाणी भरतीला वेगळं आणि ओहोटीला वेगळं. म्हणून बेटावरच्याच कोणाला तरी, शाळेतल्या शिक्षकाला किंवा बचत गटातल्या दोघीतिघींना, मानधन देऊन मोजणीचं काम द्या.

लागणारं साहित्य थोडं आहे. विद्युतवाहकता (पाणी जितकं खारं, तितकी ती जास्त) मोजणारं हातात मावणारं मीटर, ते तपासायचं प्रमाण द्रावण (१४१३ मायक्रोसिमेन्सचं सहज मिळतं), वजन बांधलेली मोजपट्टी, वही. बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या रेषेत विहिरी निवडा. अशा निदान दोन-तीन रेषा हव्यात. दर पंधरवड्याला प्रत्येक विहिरीत पाण्याची पातळी आणि वाहकता नोंदवा, सोबत तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एक जादा फेरी करा. पंप बसवलेल्या विहिरीत दोनदा मोजा: पंप सुरू करण्याआधी आणि अर्धा तास चालल्यावर. दुसरा आकडा सतत चढत असेल, तर ती विहीर खालचं खारं पाणी वर ओढते आहे.

आकडे वाचायचे कसे? वाहकतेला ०.६५ ने गुणलं की विरघळलेल्या क्षारांचा अंदाज लिटरला मिलिग्रॅममध्ये येतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात हे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. क्लोराइडसाठी या मर्यादा २५० आणि १०००, नायट्रेटसाठी मात्र सरळ ४५, तिथे सवलत नाही. पॅसिफिकमधल्या बेटांवर २५०० मायक्रोसिमेन्सपर्यंतचं पाणी गोडं धरायची पद्धत आहे. तिथे दुसरा पर्याय नसल्याने चालतं, आपण तो आकडा सहज उचलू नये. लोकांची जीभही मोजणीत घ्या. 'डाळ शिजते का, चहाचं दूध फाटतं का' या प्रश्नांना मिळणारी उत्तरं विहिरीगणिक बदलतात, आणि ती मीटरच्या आकड्यांशेजारी लिहिली की कोणती विहीर कशासाठी वापरतात हे उमगतं.

खारटपणापेक्षा मोठा धोका मात्र चवीला कळत नाही. मैलपाण्याच्या प्रदूषणासाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली वापरा. ही चाचणी १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, सावलीत एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं तर पाणी संशयास्पद. प्रयोगशाळेची बोट पकडावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि काळी पडलेली बाटली घरातल्या माणसांच्या हातात दिली की भाषण करावं लागत नाही.

तिसरी पायरी: हिशेब मांडा, दोन प्रतींच्या पाण्याचा

१ चौरस किलोमीटरचं, दोन हजार वस्तीचं कल्पित बेट घ्या. पाऊस वर्षाला १५०० मिलिमीटर. माडांची मुळं थेट पाण्यापर्यंत पोहोचतात आणि भरपूर पाणी पितात, तेव्हा खाली पोहोचणारा वाटा ३० टक्के धरू. जाड थर फक्त मधल्या ०.४ चौरस किलोमीटरखाली आहे असं समजू. म्हणजे वर्षाला १८ कोटी लिटर मुरलं. त्यातला एक तृतीयांशच उपसायचा, कारण उरलेलं पाणी खाऱ्याला खाली दाबून धरायला लागतं. उरले ६ कोटी लिटर, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ८० लिटर. जल जीवन मिशनचं प्रमाण ५५ लिटरचं आहे.

आकडे तुमच्या बेटाचे घाला, उत्तर बदलेल. बित्रासारख्या चिमुकल्या बेटावर (२०११ मध्ये लोकसंख्या २७१) थरच अपुरा असेल, तर ते लगेच दिसेल. पण बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट लक्षात येते: बेटावर पाणी कमी नाही, पिण्याजोगं पाणी कमी आहे. म्हणून हिशेब एकाच रकान्यात मांडू नका. पिणं आणि स्वयंपाक यांसाठी माणशी १० लिटर उत्तम प्रतीचं पाणी. आंघोळ, धुणं, संडास यांसाठी विहिरीचं, थोडं मचूळ असलं तरी चालेल असं. पहिल्या रकान्याला खर्च करा, दुसऱ्याला संरक्षण द्या. सगळंच पाणी एकाच नळातून उत्तम प्रतीचं द्यायचा अट्टहास बेटाला परवडत नाही.

चौथी पायरी: विहीर वाचवायची तर संडास बदला

खरं तर ही सर्वांत अवघड पायरी, आणि बजेटमध्ये बहुधा नसलेली. घराच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला सेप्टिक टँक, मध्ये काही पावलांचं अंतर. जमिनीत दोन-तीन मीटरवर पाणी, आणि वाळू अशी की मैलपाणी गाळलं जाण्याआधीच पोहोचतं. विहीर आणि शोषखड्डा यांत तीस मीटर अंतर ठेवा, हा पुस्तकी नियम इथे दोन अर्थांनी फसतो. एक तर एवढी जागा कोणाकडे नाही. दुसरं म्हणजे, माझ्या अंगणातलं अंतर राखूनही माझ्या विहिरीपासून चार पावलांवर शेजाऱ्याची टाकी असते.

काय करता येतं? आधी सगळ्या विहिरी आणि सगळ्या टाक्या एकाच नकाशावर आणा. मग जाड थराच्या पट्ट्यात नवा शोषखड्डा बंद, हा ठराव पंचायतीत करून घ्या. जुन्या टाक्यांचे तळ तपासा. कितीतरी 'टाक्या' म्हणजे बिनतळाचे खड्डे असतात. तळ आणि भिंती पक्क्या करून सांडपाणी घराघरांच्या गटासाठी एकत्र नेता आलं, तर ते किनाऱ्याकडच्या पट्ट्यात न्या, जिथे थर निमुळता होऊन समुद्राला मिळतो. डीआरडीओने विकसित केलेलं, जिवाणूंकडून मैला कुजवून घेणारं बायो-डायजेस्टर हा एक पर्याय आहे. त्यातून बाहेर पडणारं पाणी मात्र पिण्याच्या विहिरीशेजारी मुरवायच्या लायकीचं नसतं, हे विक्रेता सांगणार नाही.

प्रशांत महासागरातल्याच तुवालूमध्ये पाणी न लागणारे कंपोस्ट संडास वापरात आले. कल्पना उत्तम, पण लक्षद्वीपमध्ये जशीच्या तशी आणली तर लोक वापरणार नाहीत. इथे शौचानंतर पाणी लागतंच. त्या पाण्याचा निचरा वेगळ्या वाटेने, केळीच्या किंवा माडाच्या वाफ्यात नेणारी रचना असेल तरच हा प्रयोग करा.

विहिरीचं तोंडही पाहा. कठडा गुडघ्याच्या वर, भोवती उतार असलेला सिमेंटचा ओटा, झाकण, आणि पोहरा विहिरीवरच टांगलेला, घराघरातून आणलेली बादली नाही. कपडे धुण्याचा दगड विहिरीपासून लांब. ही स्वस्तातली कामं आहेत, म्हणून ती आधी करा, पण संडासाचा प्रश्न सुटला असं समजू नका.

पाचवी पायरी: थोडं थोडं, ठिकठिकाणी उपसा

एकाच विहिरीतून दिवसाला दहा हजार लिटर ओढले तर खारं पाणी शंकूसारखं वर येतं. तेच दहा विहिरींतून हजार-हजार घेतले तर थर फारसा हलतही नाही. कोकणात खाडीकाठी मोटर बसवल्यावर विहिरी खाऱ्या झाल्याचं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सार्वजनिक पुरवठ्यासाठी खोल बोअर खणू नका. प्रवाळ बेटावर खोल जाणं म्हणजे समुद्राकडे जाणं. त्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, जमिनीला समांतर सच्छिद्र नळ्या पुरा आणि त्यांना एका उथळ विहिरीत आणून सोडा. बोनरिकीत अशाच आडव्या नळ्यांच्या लांब गॅलऱ्या आहेत. त्या थराचा वरचा, सर्वांत गोडा भाग साय काढल्यासारखा अलगद घेतात. पंप लहान हवा, सौर असेल तर उत्तम, कारण रात्री तो आपोआप थांबतो आणि थराला सावरायला वेळ मिळतो.

घरगुती मोटारींसाठी एक साधी युक्ती. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीचं झडप लावलेलं टोक, तळाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या तरंगत्या डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर राहील असा लटकवा आणि नळी लवचीक ठेवा. खाली जायची मर्यादा दोरीने बांधून टाका, म्हणजे पातळी त्याखाली गेली की पंप हवा ओढेल, खारं पाणी नाही. पंप हवा ओढू लागला की लोक तक्रार घेऊन येतील. येऊ द्या. तक्रार दुरुस्त करता येते, खारी झालेली विहीर लवकर दुरुस्त होत नाही.

सहावी पायरी: छप्पर

६० चौरस मीटरचं छप्पर, दीड मीटर पाऊस आणि गळती-उडती धरून ८० टक्के पाणी हाती लागतं असं मानलं, तर वर्षाला ७२ हजार लिटर. सहा माणसांच्या घराला रोज ६० लिटर पिण्या-स्वयंपाकाला, कोरडे पाच महिने. म्हणजे ९ हजार लिटर. दहा हजार लिटरची टाकी असली की उत्तम पाण्याचा रकाना घरच्या घरी भरतो. इतकं सरळ गणित असूनही टाक्या जानेवारीतच रिकाम्या होतात, कारण पावसाळा संपला की त्याच पाण्याने धुणं होतं. टाकीला बाहेरून दिसणारी पातळीची नळी लावा आणि तिच्यावर महिन्यांच्या खुणा रंगवा: डिसेंबरअखेर इथपर्यंत, फेब्रुवारीअखेर इथपर्यंत. मीटरपेक्षा या खुणा जास्त काम करतात.

बारीकसारीक बाबी, पण योजना यांवरच बुडते. पन्हळीचे हुक खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत गंजतात, म्हणून पीव्हीसीचे किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. पहिल्या सरीचं पाणी बाजूला काढायची नळी ठेवा. छपराच्या दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे इथे ६० लिटर. माडाच्या झावळ्या छपरावर झुकू देऊ नका, त्यांवरून उंदीर येतात. टाकीच्या प्रत्येक भोकाला डास अडवणारी जाळी, कारण उघडी टाकी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. तोटी तळापासून चार बोटं वर, गाळासाठी वेगळं भोक.

फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून केलेली, टाकी स्वस्त पडते, पण वाळू कुठली हा प्रश्न आधी विचारा. किनाऱ्यावरची वाळू वापरली तर त्यातलं मीठ जाळी खाऊन टाकतं, शिवाय किनारा झिजतो तो वेगळाच. वाळू मुख्य भूमीवरून बार्जने आणायची, तर खर्चाचं गणित बदलतं. प्लास्टिकच्या टाक्या हलक्या असतात, पण बोटीत जागा खातात. एकात एक बसतील अशा मापांच्या मागवा.

शाळा, मशीद, आरोग्य केंद्र यांची मोठी छपरं सामाईक टाक्यांसाठी धरा. जुन्या मशिदींजवळ कुंडं असतातच, त्यांना जोडून नवी रचना केली तर लोकांना ती आपली वाटते. जास्तीचं पाणी समुद्राकडे सोडू नका, विहिरीजवळच्या खड्ड्यात गाळून मुरवा.

सातवी पायरी: यंत्र, तुटीपुरतं

समुद्राचं पाणी गोडं करण्यात लक्षद्वीपने एक वेगळी वाट धरली. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, २००५ मध्ये कवरत्तीत कमी तापमानाच्या ऊष्मा-ऊर्ध्वपातनावर चालणारं केंद्र उभारलं. पृष्ठभागावरचं २८-२९ अंशांचं पाणी जवळजवळ निर्वात टाकीत सोडलं की त्यातलं थोडं त्याच तापमानाला वाफ होतं. साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेलं १२-१३ अंशांचं पाणी त्या वाफेला थंड करून पुन्हा पाणी बनवतं. मीठ गाळणारा पडदा नाही, रसायनं जवळजवळ नाहीत. हे इथे जमतं कारण बेटाबाहेर समुद्रतळ एकदम खोल उतरतो. क्षमता दिवसाला १ लाख लिटर. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला तशीच केंद्रं झाली, पुढे इतर बेटांसाठी दीड लाख लिटर क्षमतेची आखली गेली.

कवरत्तीची वस्ती अकरा हजारांच्या वर. १ लाख लिटर भागिले अकरा हजार, म्हणजे माणशी ९ लिटर. केंद्र पिण्या-स्वयंपाकाच्या रकान्यापुरतंच आहे, आणि ते तसंच असावं. या पाण्याला विहिरीची जागा घ्यायला लावलं की वीज कुठून आणणार? बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलची, आणि डिझेल येतं बोटीने.

तुमच्या बेटाला एवढं मोठं केंद्र मिळणार नसेल तर उलट परासरणाचं, म्हणजे आरओचं, छोटं यंत्र येतं. घेण्याआधी पुरवठादाराला चार प्रश्न विचारा. समुद्राच्या पाण्यावर चालणारं आहे की फक्त मचूळ पाण्यावर? दर घनमीटरला किती युनिट वीज खातं? (मोठ्या केंद्रांत ३ ते ४ युनिट लागतात, छोट्यांत जास्त.) आठवडाभर बंद ठेवायचं तर पडदे कसे सांभाळायचे? आणि उरलेलं दुप्पट खारं पाणी कुठे जाणार? ते लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाचा कठडा यांमधल्या उथळ पाण्यात, सोडू नका. लगूनचं पाणी लवकर बदलत नाही आणि प्रवाळ त्या खारटपणाला टिकत नाही. ते खडकाच्या कठड्यापलीकडे, खळबळत्या समुद्रात सोडा.

यंत्रावर पूर्ण विसंबण्याचा धडा मिनिकॉयच्या दक्षिणेला शेजारीच आहे. मालदीवची राजधानी माले क्षारमुक्त पाण्यावर जगते, कारण तिथलं जमिनीखालचं गोडं पाणी उपसा आणि मैलपाणी यांनी केव्हाच संपवलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या केंद्राला आग लागली आणि लाखावर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवलं. मालेला विमानतळ आणि बंदर आहे. चेतलत किंवा बित्राला मदत पोहोचायला किती दिवस लागतील, याचा अंदाज तुमच्या आराखड्यात असू द्या, आणि तेवढ्या दिवसांचं पाणी टाक्यांत राखीव ठेवा.

आठवी पायरी: क्लोरीन, थोडक्यात

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की काम झालं, असं इथे होत नाही. भरती-ओहोटीने पाणी हलतं आणि क्लोरीन वाहून जातं. म्हणून सामाईक टाकीत किंवा घरच्या पिंपात टाका. २५ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला ४ ग्रॅम टाकली की लिटरला १ मिलिग्रॅम मात्रा होते. अर्ध्या तासाने तपासल्यावर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसली पाहिजे. कमी दिसली तर मात्रा वाढवा. दमट हवेत पावडर लवकर निकामी होते, तेव्हा लहान हवाबंद पुड्या घ्या. वास आवडत नसेल तर पाणी उकळून घ्यायला सांगा, वाद घालू नका.

नववी पायरी: आगोट सांभाळा

मेच्या मध्यापासून चार महिने समुद्र खवळलेला असतो, मालवाहू लहान जहाजं थांबतात. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करतात, तशी यंत्रणेचीही हवी: पंपाचा एक जोड, सील आणि बेअरिंग, फिल्टरची काडतुसं, क्लोरीन, फ्यूज, नळाचे सांधे, मीटरचं द्रावण. ही यादी मार्चमध्ये पंचायतीपुढे ठेवा, एप्रिलअखेर माल बेटावर उतरला पाहिजे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पंप एकाच बेटावर घेऊ नका, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागेल.

सांभाळणारी माणसं बेटावरचीच हवीत, निदान दोन, त्यांतली एक स्त्री. पुरुष जहाजांवर आणि मासेमारीला महिनोन्‌महिने बाहेर असतात. मिनिकॉयमध्ये तर ही जुनीच रीत आहे. मानधन वेळेवर मिळण्याची सोय योजनेच्या कागदातच करा. उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या वर्षीचा पगार कोण देणार, याचं उत्तर नसेल तर यंत्राची ऑर्डर थांबवा.

दहावी पायरी: समुद्र आत शिरला तर

२०१७ मध्ये ओखी, २०२१ मध्ये तौक्ते. वादळाच्या लाटा बेटावर चढल्या की विहिरी एका रात्रीत खाऱ्या होतात. पहिली प्रतिक्रिया असते पंप लावून विहीर रिकामी करायची. ते करू नका. विहीर जोरात उपसली की खालचं खारं पाणी वर येतं आणि दुखणं लांबतं. २००४ च्या त्सुनामीनंतर हा धडा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर मिळाला आहे. विहिरीत साचलेलं समुद्राचं पाणी आणि कचरा एकदाच, हळूहळू काढा आणि थांबा. थर पुन्हा गोडा करतो तो पाऊस, त्याला एक-दोन पावसाळे लागू शकतात.

त्या काळात पिण्याचं पाणी छपराच्या टाक्यांतून आणि यंत्रातून द्या, विहिरींवर 'पिऊ नका' अशी खूण जेसरी किंवा महल बोलणाऱ्यांना कळेल अशी करा. पडलेल्या संडासांच्या टाक्या आधी दुरुस्त करा, विहिरी नंतर. दुसऱ्या पायरीतली वही काढा, त्याच विहिरींत दर आठवड्याला वाहकता मोजा. आकडा वादळापूर्वीच्या त्याच महिन्यातल्या आकड्याजवळ आला, की विहीर साफ करून क्लोरीन टाका, बाटलीची चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्ही वेळा पाणी काळं पडलं नाही, तरच खूण पुसा.